एका पाकिटातली दोन पत्रं

ज्या दिवशी सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं, त्या दिवशी सकाळी सायरभाभी पेपर घेऊन माझ्या दुकानात उतरल्या आणि म्हणाल्या, "हारुनभाई, ह्या भावाची झेरॉक्स काढून दे. मोठी करून."

"किती मोठी, भाभी?"

"शेठना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी."

मी चांगले वीतभर उंचीचे आकडे काढून दिले. भाभींनी तो कागद घडी न घालता, दोन्ही हातांत धरून वर नेला आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. चंपालालशेठ जेवायला बसतात ते त्याच दाराकडे तोंड करून. हे मला कसं माहीत, तर दुपारी शेठ अर्धं जेवण टाकून खाली आले आणि माझ्यावर ओरडले, "तुला काही अक्कल आहे का? बाई काहीही आणेल आणि तू छापत बसशील?"

"झेरॉक्सचं दुकान आहे शेठ. आणलेलं छापतो."

"दुकान माझं आहे."

हे खरं होतं. वर शेठ राहतात, खाली मी बत्तीस वर्षांपासून त्यांचा भाडेकरू. झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटोफ्रेम. मी तापट आहे असं गल्लीत म्हणतात. ओला फोटो आणून "लगेच फ्रेम करा" म्हणणाऱ्या माणसाशी कोण गोड बोलेल ते मला दाखवा.

जळगावात सोन्याचा भाव रिक्षावाल्यालाही तोंडपाठ असतो. पण शेठच्या घरात मात्र सोनं हा शब्द काढायचा नाही असा अलिखित नियम होता. तो का, ते आधी सांगतो.

एकोणनव्वद साली सायरभाभींच्या हातात माहेरच्या साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. शेठचं भांड्यांचं दुकान तेव्हा नुकतं कुठे जोर धरत होतं. त्यांना कोणीतरी सांगितलं की सोनं नुसतं पडून राहतं, सरकारचं किसान विकास पत्र मात्र साडेपाच वर्षांत दुप्पट होतं. कोणीतरी म्हणजे भाभींचाच धाकटा भाऊ रुपचंद. तो धुळ्यात पोस्टाच्या बचतीचा एजंट होता. शेठनी पाटल्या मोडल्या, दहा हजार आले, आणि धुळ्याच्या पोस्टातून पाच-पाच हजारांची दोन पत्रं घेतली. पत्रं भाभींच्या नावावर, कारण सोनं भाभींचं. एवढा न्याय त्यांनी पाळला. वर शब्द दिला, "दुप्पट झाले की सात तोळ्यांच्या करून घालीन."

साडेपाच वर्षं झाली. शेठ म्हणाले, आणखी एकदा दुप्पट होऊ दे. मग पुन्हा एकदा. शेठ पक्के व्यापारी. त्यांच्या घराण्यात पैसा कधी झोपत नाही, व्याजाला व्याज लागतं, हे पोरं पाळण्यातच शिकतात. सरकारकडे ठेवलेला पैसा मध्येच झोपी जाईल हे त्यांच्या डोक्यात येणारच कसं? श्रेयांसने, त्यांच्या मुलाने, दुकान हातात घेतल्यापासून शेठ माझ्याच बाकावर बसतात आणि माझाच पेपर फुकट वाचतात. वाचता वाचता बोटांवर मोजतात, "दहाचे वीस, विसाचे चाळीस, चाळीसचे ऐंशी, मग एक साठ, तीन वीस, सहा चाळीस. सहा लाख चाळीस हजार, हारुन! आणि चालू दुपटीतले वेगळे."

"मग काढून घ्या ना."

"वाढतंय त्याला हात लावू नये."

इतकी वर्षं भाभींच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. लग्नकार्यात बसल्या की त्या पदर मनगटापर्यंत ओढून घेतात. हे मी पाहिलेलं नाही, माझ्या बायकोने, जमीलाने पाहिलेलं आहे. तिला असल्या गोष्टी दिसतात. मला फक्त कागद दिसतात.

आता कागदाकडेच वळतो, कारण ह्या भानगडीत माझा हात आहे. दोन हजार तीन साली मी लॅमिनेशनचं मशीन घेतलं. गल्लीतलं पहिलं. माझ्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, महत्त्वाचा कागद लॅमिनेट करणारी आणि त्याची चार घड्या घालून खिशात कोंबणारी. दुसऱ्या प्रकाराशी मी बोलत नाही. शेठ एके दिवशी ती दोन पत्रं घेऊन आले आणि म्हणाले, "वाळवी लागू नये असं काहीतरी कर."

मी दोन प्लॅस्टिकची पाकिटं काढली.

"दोन कशाला? एकातच घाल की दोन्ही. पाठीला पाठ लावून. ह्या बाजूने एक दिसेल, त्या बाजूने दुसरं. मागे असतं काय, नुसती मुंगीएवढी अक्षरं."

पंधरा रुपये वाचले म्हणून शेठ इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. असा प्रसंग बत्तीस वर्षांत तीनदा आलेला आहे. मीही जोशात होतो. मशीनमधून पाकीट गरमागरम बाहेर आलं तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणालो, "शेठ, हे आता कयामतपर्यंत उघडत नाही."

जमीला तेव्हा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "सरकारी कागद आहे. पैसे घेताना मागे सही करावी लागत असेल. तुम्ही तो बंद कशाला करताय?" मी म्हटलं, "तुला मशीनमधलं काय कळतं?" हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

तर, भाव लाखावर गेला, कागद दारावर लागला. तीन दिवस शेठ त्या आकड्यांसमोर जेवले. चौथ्या दिवशी ते गंधाचा टिळा लावून, पाकीट रुमालात गुंडाळून खाली आले. भाभी जिन्यात उभ्या होत्या.

"आज पोस्टात जाऊन आजची किंमत विचारून येतो," शेठ त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मग त्या दारावर मी माझी झेरॉक्स लावीन. चल रे हारुन, तुला फॉर्म भरता येतात."

भाभी फक्त म्हणाल्या, "विचारून या."

पोस्टातल्या कारकुनाने पाकीट हातात घेतलं, पुढून पाहिलं, उलटं केलं, पुन्हा पुढून पाहिलं.

"ह्याची मागची बाजू कुठे आहे?"

"आत," शेठ म्हणाले.

"आत म्हणजे?"

मी खाली मान घालून सगळा प्रकार सांगितला. कारकून माझ्याकडे बघत राहिला. त्याने पाकिटाला नखाने टोकरून पाहिलं. माझंच काम ते, नख लागेल कशाला!

"हे पाहा, धारकाची सही मागे लागते. शिवाय पत्रं धुळ्याची, त्यांची नोंद तिकडे. मी चौकशी पाठवतो, उत्तर आलं की कळवतो. तोवर हे उघडून ठेवा. पण जपून. कागद फाटला तर मग..." पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं.

ते वाक्य शेठनी रस्त्यावर आल्याबरोबर पुरं केलं. "फाटला तर सहा लाख चाळीस हजार तुझ्याकडून घेईन. नाहीतर दुकान खाली कर."

"पाठीला पाठ लाव असं तुम्हीच सांगितलं होतं!"

"मी सांगितलं होतं. पण कयामत कोण म्हणालं होतं?"

मी पाकीट परत रुमालात गुंडाळलं आणि दुकानाकडे चालू लागलो.

पुढचे पंधरा दिवस मी काय काय केलं ते विचारू नका. माझी मुलगी अफिफा, तिचं केस वाळवायचं मशीन आणलं. गरम हवेने प्लॅस्टिक मऊ होतं आणि सुटतं असं ऐकलं होतं. आधी सराव म्हणून माझं स्वतःचं दहावीचं प्रमाणपत्र घेतलं, तेही मीच लॅमिनेट केलेलं. प्लॅस्टिक सुटलं. त्याच्याबरोबर माझं नाव, माझे गुण आणि मुख्याध्यापकांची सहीसुद्धा सुटून आली. गुणांचं दुःख नव्हतं, ते सुटलेलेच बरे. पण सहा लाख चाळीस हजारांच्या कागदाचं असं झालं तर मी ह्या वयात दुसरीकडे कुठे दुकान मांडणार होतो? मला जेवण जाईना. शेठ रोज बाकावर बसून विचारायचे, "निघालं?" मी म्हणायचो, "बघतोय." शेठ म्हणायचे, "बघ, बघ. दुकानाला एक मोबाइलवाला विचारत होता."

सोळाव्या दिवशी जमीला डबा घेऊन आली. मी पाकीट समोर ठेवून बसलो होतो. तिने ते उचललं, कडेने वाकवून पाहिलं.

"दोन्हींच्या पाठी आत आहेत ना?"

"हो."

"मग गोंद लागला कुठे? प्लॅस्टिकला चिकटल्यात त्या पुढच्या बाजू. पाठी नुसत्या एकमेकींना टेकून बसल्यात."

मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहिलं. मग कात्री घेतली, बिस्मिल्ला म्हटलं आणि पाकिटाची चिकटलेली कड तीन बाजूंनी अलगद कापली. वही उघडावी तसं ते उघडलं. डावीकडे एका पत्राची पाठ, उजवीकडे दुसऱ्याची. बावीस वर्षं हवा न लागलेला कोरा करकरीत कागद, सहीच्या रिकाम्या ओळींसकट. पुढची बाजू प्लॅस्टिकमध्ये तशीच राहिली, पण तिथे सही कोणाला करायची होती?

मी इतक्या जोरात "शेठ!" म्हणून हाक मारली की समोरचा किराणावाला बाहेर आला. शेठ खाली आले, दोन्ही पाठी बघितल्या, आणि सावकाश मान डोलावली.

"म्हणूनच तर सांगितलं होतं पाठीला पाठ लाव म्हणून. माणसाला पुढचं दिसावं लागतं, हारुन."

जमीला कालचा रिकामा डबा घेऊन निघून गेली. मी कात्री खाली ठेवली, कारण ती हातात राहू देणं बरं नव्हतं.

मग मी ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. मागे एक तक्ता होता. पत्र इतक्या वर्षांनी मोडलं तर इतके मिळतील, तितक्या वर्षांनी तितके. शेवटची ओळ साडेपाच वर्षांची. पाच हजारांचे दहा हजार. त्याच्याखाली काही नव्हतं.

म्हटलं, "शेठ, हा तक्ता साडेपाच वर्षांवर थांबतो."

शेठनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "जागा संपली असेल."

"खाली चार बोटं कोरी आहे."

"ती सहीला ठेवलेली. सरकार शंभर वर्षांचे आकडे एवढ्याशा कागदावर छापत बसेल का? नमुना म्हणून एक दुप्पट दाखवली. पुढची आपण समजून घ्यायची."

भाभी तेवढ्यात खाली आल्या होत्या. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पाहिला, पाहिला म्हणजे चांगला बोट फिरवून पाहिला, आणि म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं! धुळ्याला जाऊन विचारा."

महिन्याभराने धुळ्याचं उत्तर आलं. नोंद सापडली, धारकाने मूळ पत्रं आणि ओळखीचे कागद घेऊन समक्ष यावे. धारक म्हणजे भाभी. श्रेयांस म्हणाला गाडीने सोडतो. शेठ म्हणाले एसटीनेच जायचं. सत्त्याहत्तर वय, त्यांना तिकीट नाही. भाभींना बाई म्हणून अर्धं. आणि मला सोबत घेतलं, कागदाला काही झालं तर जबाबदार माणूस जवळ असावा म्हणून.

गाडीत गर्दी होती. कंडक्टर अहिराणीत ओरडत आला, "मांगे सरका बठ्ठा, मांगे जागा शे!" शेठपाशी थांबून म्हणाला, "आबा, आधार दखाडा. अक्कानं अर्धं." मग माझ्याकडे वळला. "अन् भाऊ, तुमनं बठ्ठं तिकीट." पूर्ण तिकीट माझं एकट्याचंच. शेठनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. इतके आनंदात मी त्यांना श्रेयांसच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. एरंडोल येईपर्यंत त्यांनी सहा लाख चाळीस हजारांतून भाभींना साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या केल्या, गच्चीचं गळणं बंद केलं आणि उरलेल्याची पुन्हा पत्रं घेतली. पारोळ्याला त्यांनी माझ्यासाठी शेंगदाणे घेतले. स्वतःच्या पैशाने. भाभी खिडकीबाहेर बघत होत्या.

धुळ्याच्या पोस्टात खिडकीवर कामिनी नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी आम्हाला आत खुर्च्या दिल्या. जुनं, पिवळं पडलेलं रजिस्टर आधीच काढून ठेवलेलं होतं. उघडलेलं पाकीट पाहून त्या जरा हसल्या, पण काही बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"दोन पत्रं, पाच-पाच हजार. ऑगस्ट एकोणनव्वद," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "मुदत फेब्रुवारी पंच्याण्णवला संपली."

"पहिली मुदत," शेठ म्हणाले.

"बाबा, मुदत एकच असते."

"हो, पण नंतर ती पुन्हा सुरू होते ना?"

"नाही हो. तेव्हा वीस हजार झाले. मुदतीनंतरचं थोडंसं व्याज नियमात बसतं ते धरू. मंजुरी आली की नक्की आकडा कळेल, पण साधारण एकवीस-बावीस हजार होतील."

शेठनी खिशातून कागद काढला. त्यावर दहाचे वीस, विसाचे चाळीस, सगळं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, ओळीने, तारखांसकट. कामिनीबाईंनी तो पूर्ण वाचला. मग परत देताना हळू आवाजात म्हणाल्या, "असं नसतं, बाबा."

"मग ही तीस वर्षं पैसे करत काय होते?"

"काही नाही. पडून होते."

मी एका मिनिटासाठी स्वतःचाच विचार केला, खोटं कशाला बोलू. सहा लाख चाळीस हजारांचा माझ्या मानेवरचा सुरा बाजूला झाला होता. माझं दुकान वाचलं होतं. पण शेठच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो आनंद मनातल्या मनातच गिळला. ते भाभींकडे बघायचं टाळत होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, मास्तरांनी उभं केल्यासारखा टेबलाच्या कडेशी चाळा करत होता. बावीस हजारांत आजच्या भावाने दोन ग्रॅम सोनं येतं. एक नथ झाली तर झाली.

"रुपचंद हेच म्हणाला होता," भाभी म्हणाल्या.

शेठनी मान वर केली. "काय?"

"हेच. साडेपाच वर्षं झाली की थांबतं, पुढे वाढत नाही, काढून घ्या. पंच्याण्णवच्या होळीला आला होता तेव्हा. तेव्हाच्या भावाने चार तोळे आले असते. मी तुम्हाला सांगितलं."

"मला सांगितलं? कधी?"

"तो परत गेला त्याच दिवशी. तुम्ही जेवत होता. मी ताट वाढलं आणि सांगितलं. तुम्ही 'हूं' म्हणालात."

शेठ आठवू लागले. मनापासून आठवत होते, कपाळाला आठ्या घालून. मला मनातून वाटत होतं, आठवू दे ह्या माणसाला काहीतरी. पण ते म्हणाले, "नाही गं. काहीच आठवत नाही."

भाभींचा चेहरा त्या एका वाक्याने जसा उतरला, तसा बावीस हजारांच्या आकड्याने उतरला नव्हता.

"मी तीस वर्षं समजत होते की तुम्ही ऐकलंत," त्या म्हणाल्या. "ऐकलंत आणि नको म्हणालात. माझ्या भावावर भरवसा नाही, तो कमिशनसाठी सांगतोय असं तुम्हाला वाटलं असेल, असं मी धरून चालले. तुमचा राग धरला. पुन्हा विषय काढला नाही. रुपचंद वारला तेव्हासुद्धा तुमच्याशी नीट बोलले नाही, ह्याच्यावरून. आणि तुम्ही तर ऐकलंच नव्हतं!"

कामिनीबाई रजिस्टरात काहीतरी शोधायला लागल्या. शोधायचं काही उरलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "भाभी, तुम्हाला माहीत होतं, मग भावाची झेरॉक्स कशाला लावली? इथे कशाला आलात?"

"कोणीतरी सरकारी माणसाने ह्यांना सांगावं म्हणून," भाभी म्हणाल्या. "माझं ऐकणार होते का?"

मग कागदपत्रं सुरू झाली. भाभींनी दोन्ही पाठींवर सह्या केल्या, ठसठशीत, घाई न करता. कामिनीबाईंनी विचारलं, "पैसे कुठल्या खात्यात जमा करायचे?" शेठनी सवयीने दुकानाचा खाते क्रमांक सांगायला सुरुवात केली.

"नाही बाबा, पत्रं आजींच्या नावावर आहेत. खातं त्यांचंच लागेल."

भाभींचं एकटीच्या नावाचं खातं कुठे नव्हतंच. तिथेच अर्ज मागवला. मी भरायला बसलो. नाव, पत्ता, जन्मतारीख. वारसदार म्हणून कोणाचं नाव घालायचं, तिथे मी थांबलो. शेठनी सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि आपलं आधारकार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"ते रिकामं ठेवता येतं का, बाई?" भाभींनी विचारलं.

"नंतरही भरता येतं, आजी."

"मग राहू दे. ठरलं की सांगीन."

शेठनी आधारकार्ड उचललं आणि पुसलं. त्याला धूळ लागलेली नव्हती. ते मीच लॅमिनेट केलेलं आहे.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. ते दोघं पुढच्या बाकावर, मी मागे. शेठनी खिडकीची जागा भाभींना दिली. मुकटीपर्यंत भाभी खिडकीबाहेर बघत होत्या आणि शेठ कंडक्टरच्या पाठीकडे. मला वाटलं, आता हे दोघं जळगावपर्यंत असेच जाणार, आणि घरी गेल्यावर शेठ म्हणणार की सरकारनेच फसवलं, आणि उद्यापासून माझ्या बाकावर बसून तेच ऐकवणार. तशी मी मनाची तयारीही केली होती.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा शेठ म्हणाले, "रुपचंद काय म्हणाला होता होळीला?"

"सांगितलं की आत्ता पोस्टात."

"तसं नाही. सगळं सांग. तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस. त्या दिवशी सांगितलं होतंस तसं."

"लोक बसलेत गाडीत."

"बसू देत."

भाभींनी एकदा मागे माझ्याकडे पाहिलं. मी शेंगदाण्यांच्या पुडीत लक्ष घातलं. मग त्या बोलायला लागल्या. आधी अडखळत, कुठून सुरू करावं ते न कळल्यासारख्या. रुपचंद होळीला कसा आला, काय घेऊन आला, जिन्यात उभा राहून काय म्हणाला. ते संपलं तर त्याच्या पुढचं निघालं. दुकानासाठी पितळेचा तो मोठा माल उचलू नका म्हणाल्या होत्या, ते. श्रेयांसला पुढे शिकायचं होतं, त्याला लगेच गल्ल्यावर बसवू नका म्हणाल्या होत्या, ते. माहेरी त्यांच्या आईच्या आजारपणात चार दिवस आणखी राहू द्या म्हणाल्या होत्या, ते. कोणत्या साली, कोणत्या सणाला, शेठ तेव्हा काय करत होते, सगळं त्यांच्यापाशी जसंच्या तसं होतं. आवाज कुठे चढला नाही. एकदा फक्त मध्येच थांबून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागल्या.

शेठ मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकदाही "हूं" म्हटलं नाही. श्रेयांसचं आलं तेव्हा "चुकलंच ते" एवढंच म्हणाले.

मला जमीलाला फोन करावा असं वाटलं. तिला म्हणायचं काय हे सुचेना. आणि एसटीत कुठे नीट ऐकू येतं! फोन खिशात ठेवला.

एरंडोल गेलं, पाळधी गेली. बांभोरीच्या पुलावर भाभी दमल्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि खिडकीबाहेर गिरणेच्या पात्राकडे बघत बसल्या. जळगाव पाच-सात किलोमीटरवर आलं होतं, लोक पिशव्या काढायला उठले होते.

शेठ त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मग? पुढे?"